भिंतीवरची बुरशी: पुसण्याआधी ओल शोधा

कपाट सरकवलं आणि मागे काळे-हिरवट ठिपके दिसले, की हात आधी फडक्याकडे जातो. तो आवरा. ओल तशीच राहिली, तर पुसलेली बुरशी त्याच जागी परत उगवते.

१. बुरशीच आहे ना? पांढरी भुकटी असेल तर तिच्यावर पाण्याचा थेंब सोडा. विरघळली तर तो क्षार. ओल तोही दाखवतोच, पण तो सजीव नाही. बुरशी विरघळत नाही, शिवाय तिला बहुधा कुबट वास येतो.

२. ओल कुठली? डागाशेजारी कोरड्या दिसणाऱ्या भागावर वहीच्या पानाएवढं प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. दोन दिवसांनी काढून पाहा. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी आतून झिरपतंय: गळका पाइप, भेग, वरचं छत. तिथे दुरुस्तीशिवाय इलाज नाही. खोलीकडची बाजू ओली असेल तर हवेतली वाफ गार भिंतीवर साचतेय. मग कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, अंघोळीनंतर आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावा, ओले कपडे खोलीत वाळत घालू नका. आर्द्रता ६० टक्क्यांखाली हवी. ३० ते ५० उत्तम.

३. आता सफाई. डाग साधारण तीन बाय तीन फुटांहून मोठा असेल तर जाणकाराला बोलवा. लहान असेल तर एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, गॉगल घालून साबणाच्या पाण्याने घासा आणि खडखडीत वाळवा. कोरडा ब्रश नको, बीजाणू घरभर उडतात. ब्लीचची बहुतेकदा गरज नसते. वापरलंच तर अमोनिया किंवा व्हिनेगरमध्ये अजिबात मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. बुरशी आत मुरलेली गादी किंवा गालिचा टाकूनच द्यावा. वरून रंग मारणं म्हणजे पैसे वाया, पोपडे धरून तो निघतो.

४. तब्येतीचं काय? शिंका, चोंदलेलं नाक, चुरचुरणारे डोळे, खोकला. दमा असेल तर तो उफाळतो. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून नुसती मारून भागत नाही, काढावी लागते. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना फुफ्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. सफाई चालू असताना त्यांना आणि दमेकऱ्यांना त्या खोलीत थांबू देऊ नका.

काळी म्हणजे विषारी, असं रंगावरून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांतही बुरशीची सुरक्षित पातळी आकड्यात दिलेली नाही. त्यामुळे प्रयोगशाळेत नमुना पाठवण्याऐवजी मी तो खर्च प्लंबरवर करेन. आणि काही भिजलंच, तर २४ ते ४८ तासांत सुकवा.