नॉर्थ डकोटात येताय? घरभाड्याआधी थंडीचा खर्च मांडा

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या फार्गो शहरात एमएससाठी निघाले तेव्हा माझ्या वहीत दोनच मोठे आकडे होते, फी आणि घरभाडं. थंडीचा खर्च मी स्वेटर-कानटोपीपुरताच धरला होता.

भाडं इथे मोठ्या शहरांच्या मानाने खरंच कमी. पण त्यात हीटिंग धरलंय का, हे आधी विचारा. मी विचारलं नाही. खोली स्वस्त मिळाली, हीटर मात्र विजेवरचे. वीज युनिटमागे स्वस्त असली तरी बाहेर उणे तीस असताना हीटर दिवसरात्र चालतो. फेब्रुवारीचं बिल आलं तेव्हा कळलं, भाड्यातच हीटिंग धरलेली मैत्रिणीची ‘महाग’ खोलीच स्वस्त होती.

जाड कोट पुण्याहून आणू नका, तिथला कोट इथे पुरत नाही. रेड नदीपलीकडे मूरहेड लागतं, ते शेजारच्या मिनेसोटा राज्यात. तिथे कपड्यांवर सेल्स टॅक्स नाही, फार्गोत आहे. शंभर-दोनशे डॉलरच्या कोटावर हा फरक जाणवतो. आणि टॅक्स रिटर्न भरताना भारत-अमेरिका कर करार विसरू नका. त्यातल्या कलम 21 मुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातली ठरावीक करमुक्त वजावट) मिळतं, इतर बऱ्याच देशांच्या मुलांना ते मिळत नाही.

पुढे नोकरी लागली याच राज्यातल्या विलिस्टनला, बाकेन नावाच्या तेलपट्ट्यात. पगाराचा आकडा बघून हुरळून जाऊ नका. 2014 च्या उन्हाळ्यात तेल बॅरलमागे शंभर डॉलरच्या वर होतं, 2016 च्या सुरुवातीला तीसच्या खाली. अशा घसरणीत नोकऱ्या जातात, म्हणून सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय कर्ज काढून नवी गाडी घेऊ नका, असं मी प्रत्येकाला कळकळीने सांगते.

गाडी मात्र लागतेच. जुनी घेताना पुढच्या जाळीतून प्लगची वायर बाहेर आलेली आहे का बघा. ती ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची. रात्री गाडी प्लगला लावली की इंजिन गार पडत नाही. भाड्याच्या घरी पार्किंगला प्लग आहे का, हेही विचारून घ्या. माझ्या गाडीला वायर होती, पार्किंगला प्लग नव्हता. जानेवारीतल्या एका सकाळी किल्ली फिरवली, नुसता टक्‌ असा आवाज आला. टो ट्रकचे पैसे, नवी बॅटरी आणि त्या दिवसाचा पगार, तिन्ही एकदम गेले. आता ऑक्टोबरातच बॅटरी तपासून घेते.