हॉर्मोनचं सॅम्पल: बर्फात कोणतं ठेवायचं, कोणतं नाही

कॉर्टिसॉलसाठी (अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं हॉर्मोन) रक्त सकाळी आठच्या सुमारास द्या, टेस्टोस्टेरॉनसाठी सकाळी दहाच्या आत आणि उपाशीपोटी. थायरॉइडची गोळी रक्त दिल्यावर घ्या. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेत असाल तर ते निदान दोन दिवस आधी बंद करा आणि लॅबला तसं सांगा. काही मशीनवर त्यामुळे थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त दिसतो.

रक्त घेणाऱ्यानं दंडाचा पट्टा मिनिटाच्या आत सोडायचा. ट्यूब हलक्या हातानं उलटीसुलटी करायची, झटकायची नाही. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एन्झाइम इन्सुलिन तोडतं. सीरम (गोठलेल्या रक्तातून सुटणारं पाणी) तांबूस निघालं तर इन्सुलिनसाठी सरळ दुसरं रक्त घ्या.

आता बर्फ. 'हॉर्मोन म्हणजे बर्फात' हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हीच पायरी मला सर्वांत जड गेली, कारण एकाच रुग्णाच्या दोन ट्यूबना उलट वागणूक लागते.

एसीटीएच (पिट्युटरी ग्रंथीचं, अ‍ॅड्रिनलला कॉर्टिसॉल बनवायला लावणारं हॉर्मोन) रक्तात भराभर तुटतं. त्यासाठी जांभळ्या झाकणाची, आधीच गार केलेली प्लॅस्टिकची ट्यूब घ्या. काचेला ते चिकटतं. रक्त घेतल्याबरोबर ट्यूब बर्फ घातलेल्या पाण्यात, मग थंड सेंट्रिफ्यूजमध्ये (ट्यूब गरगर फिरवून पेशी खाली बसवणारं यंत्र), आणि प्लाझ्मा (पेशींवर उरणारा द्रव) लगेच डीप फ्रीझरमध्ये. इथे उशीर झाला की आकडा खाली येतो. कॉर्टिसॉल जास्त असताना एसीटीएच असं खोटं कमी आलं, तर दोष पिट्युटरीत असूनही डॉक्टर अ‍ॅड्रिनलमध्ये गाठ शोधत बसतात.

रेनिनचं (मूत्रपिंडातून येणारं, रक्तदाब सांभाळणारं एन्झाइम) नेमकं उलट. गारव्यात प्रोरेनिन (रेनिनचं निष्क्रिय रूप) जागं होतं आणि रेनिन खोटं वाढतं. मग अल्डोस्टेरॉनचं (शरीरात मीठ धरून ठेवणारं अ‍ॅड्रिनलचं हॉर्मोन) रेनिनशी गुणोत्तर घसरतं आणि जास्त अल्डोस्टेरॉन हे रक्तदाबाचं बरं होण्याजोगं कारण हातातून निसटतं. ही ट्यूब खोलीच्याच तापमानाला ठेवा, तिथेच फिरवा, प्लाझ्मा वेगळा करा आणि तडक गोठवा. मधे फ्रिजमध्ये ठेवणं सर्वांत वाईट. वितळवतानाही रेंगाळू नका.

दोन्ही ट्यूबची झाकणं जांभळीच असतात. म्हणून रेनिनच्या लेबलवर मी मार्करनं ठळक 'बर्फ नको' लिहितो आणि ती वेगळ्या स्टँडमध्ये उभी करतो. रक्त घेण्याआधीच लिहा, नंतर हात रिकामा नसतो.

गोठवताना प्लाझ्माचे दोन-तीन छोटे भाग करा. चाचणी पुन्हा लावायची झाली तर न वितळलेला भाग काढता येतो.