राफ्टिंग गाइड व्हायचंय? नाशिककरांनो, या चुका टाळा

रामकुंडात सूर मारत मोठी झालेली पोरं राफ्टिंग गाइडच्या प्रशिक्षणाला आली की त्यांचं चांगलं पोहणंच आधी आडवं येतं. रॅपिडमध्ये, म्हणजे नदीच्या खळाळत्या, वेगवान पाण्यात पडल्यावर ती सपासप हात मारतात आणि कमरेएवढं पाणी लागलं की उभी राहतात. इथेच घात होतो. पाय दगडांच्या बेचक्यात अडकतो, मागचा लोंढा अंग पुढे रेटतो आणि तोंड पाण्याखाली जातं. मग लाइफ जॅकेटही कामाला येत नाही. म्हणून उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने, अंगठे पाण्यावर दिसले पाहिजेत. खडकाआडचं संथ पाणी, म्हणजे एडी, जवळ आली की पालथं होऊन तिरकं, जीव तोडून पोहा. अपवाद आडव्या पडलेल्या झाडाचा. त्याच्याकडे पाय करून गेलात तर फांद्यांखाली ओढले जाल. तिथे डोकं पुढे ठेवून पोहायचं आणि खोडावर चढायचं.

थ्रो बॅगच्या, म्हणजे बुडणाऱ्याकडे फेकायच्या दोराच्या पिशवीच्या चुका तर ठरलेल्या. दोराचं टोक धरायलाच विसरायचं आणि अख्खी पिशवी नदीला अर्पण करायची! कोणी उलट दोर मनगटाला गुंडाळतो. ते जास्त वाईट, ओढ बसली की सोडवता येत नाही. आधी पाण्यात पडलेल्याला हाक मारा, त्याला तुमच्याकडे बघू द्या, मग फेका. दोर त्याच्या अंगावरच पडायला हवा. नेम चुकला तर दोर पुन्हा पिशवीत कोंबत बसू नका, भराभर वेटोळी करून परत फेका. याचा सराव कुठल्याही मैदानात होतो, नदी लागत नाही.

दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं यावर गावातला पूर मोजणं ठीक, पण राफ्ट टाकायची की नाही ते त्यावर ठरवू नका. गंगापूर धरणातून विसर्ग किती क्युसेक आहे आणि तो वाढतोय की कमी होतोय, ते बघा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. बंधाऱ्यांच्या तर वाटेलाच जाऊ नका. पुरात ते सपाट, गरीब दिसतात, पण खाली पडलेलं पाणी उलटं फिरून भिंतीकडे खेचतं आणि माणसाला सोडत नाही.

धरणाच्या साठलेल्या पाण्यात वल्हं मारणं, उलटलेली राफ्ट सरळ करणं शिकता येतं. तेवढ्यावर गाइड होत नाही. वाहत्या पाण्यासाठी रायगड जिल्ह्यातल्या कोलाडची कुंडलिका नदी गाठा. भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून सुटणाऱ्या पाण्यावर तिथे राफ्टिंग चालतं. नवखे तिथे आदेश उशिरा देतात. भरलेली राफ्ट सावकाश वळते, खडक नाकासमोर आल्यावर 'बॅक' ओरडून काय उपयोग? आधी तोंड वळवा, मग 'फॉरवर्ड'.

शिकताना मानधन मिळत नसलं, तरी निघण्याआधीच्या तपासणीत ढिलाई नको. प्रत्येकाचं जॅकेट खांद्यांना धरून वर ओढा, कानांपर्यंत सरकलं तर पट्टे आवळा. आणि वल्ह्याची टी-ग्रिप, म्हणजे वरच्या टोकाची टी आकाराची मूठ, मोकळी सोडणाऱ्याला जागीच टोका. शेजाऱ्याचे दात त्यानेच पडतात.