सामुराई फिगर जमवताय? या चुका टाळा

कुणी नव्या सामुराई फिगरचा, म्हणजे जुन्या जपानी योद्ध्याच्या संग्रही ठेवायच्या बाहुलीचा, फोटो पाठवला की मी चेहरा नंतर बघतो, आधी कंबर बघतो. तलवार कशी लावली आहे यावरून कळतं, खोका उघडल्यावर माणसाने जरा दम धरला होता की नाही. बहुतेकांनी धरलेला नसतो.

कमरेला दोऱ्यांनी लटकवायची ती ताची, तिची धार खाली. पट्ट्यात खोचायची ती कताना, तिची धार वर. दोन्ही डाव्या बाजूला. सेंगोकू काळातल्या, म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या जपानी यादवीच्या काळातल्या, चिलखतांवर दोन्ही प्रकार दिसतात, त्यामुळे ‘चिलखत आहे म्हणजे अमुकच तलवार’ असं ठरवून मोकळं होऊ नका. म्यान हातात घेऊन बघा. दोन कड्या असल्या तर ती ताची. कड्या वरच्या अंगाला आल्या की धार आपोआप खाली जाते. एकच छोटी खुंटी आणि तिच्यातून ओवलेली दोरी असली तर ती कताना. एवढं बघायला मिनिटही लागत नाही, तरी ताची पट्ट्यात उलटी कोंबलेली आणि कड्या जमिनीकडे लोंबताहेत, हे दृश्य मला सतत दिसतं.

ओळखीतल्या एका मुलाने त्याचा दाते मासामुने (सेंगोकू काळातल्या एका डोळ्याच्या सरदाराची फिगर) माझ्याकडे आणला. एकास सहा मापाचा, धातूच्या चिलखताचा, चांगली किंमत मोजून घेतलेला. ताची उलटी तर होतीच, वर सुपरग्लूने कमरेला चिकटवलेली. “दादा, सारखी घसरत होती, म्हणून लावलं थोडंसं.” सुपरग्लू वाळताना त्याची वाफ आजूबाजूला बसते आणि पांढरट धुकं धरतं. मासामुनेचं चिलखत काळं, पाच पत्र्यांचं. मूळचं आजही जपानमधल्या सेंदाई शहराच्या संग्रहालयात आहे. त्या काळ्या रंगावर पांढरा डाग लांबूनही दिसत होता. माझ्याकडे आणण्याआधी पठ्ठ्याने नेलपॉलिश रिमूव्हर लावून पाहिलं होतं. त्यातलं अ‍ॅसिटोन रंगही खातं आणि प्लास्टिकही, त्यामुळे एक पत्रा कायमचा गेला. मी म्यान दोऱ्याने हळूहळू कापत सोडवलं, मऊ फडक्यावर तेलाचा थेंब घेऊन धुकं फिकं केलं. पूर्ण गेलं नाही, जाणारही नव्हतं. तलवार घसरते कारण पट्टा सैल असतो. पट्टा सोडा, पुन्हा आवळून बांधा, गाठ मागे घ्या. माझ्या टेबलावर सुपरग्लूची बाटली नसतेच.

चिलखत चढवतानाही हीच घाई. खरा सामुराई खालून वर तयार होत असे: आधी नडगीचं कवच, मग मांड्यांचं, मग बाह्या, मग छातीचं, त्यावर खांद्यांची पानं, शेवटी मुखवटा आणि शिरस्त्राण. मी फिगरलाही याच क्रमाने चढवतो, कारण मग मांडीचं कवच छातीच्या चिलखताला लोंबणाऱ्या झालरीच्या आतच बसतं. ते बाहेर काढून ठेवलेलं दिसलं की समजावं, छाती आधी चढवली आणि बाकीचं मागाहून कोंबलं.

आता पारख. ‘याची उंची कमी आहे, फसवलं’ अशी तक्रार मासामुनेच्या बाबतीत मी वारंवार ऐकतो. 1974 साली सेंदाईतल्या झुइहोदेन इथे त्याच्या समाधीचं उत्खनन झालं, तेव्हा अस्थींवरून उंची निघाली 159.4 सेंटिमीटर. सहाने भागा: साडेसव्वीसच्या आसपास. तीस सेंटिमीटरचा मासामुने म्हणजे सहा फुटी माणूस झाला. बुटका बनवणाऱ्याने अभ्यास केलाय, त्याला दाद द्या. शिरस्त्राणावरची चंद्रकोरही दोन्हीकडे सारखी नसते. त्याच्या उजव्या हाताकडचं टोक आखूड असतं. तलवार उगारताना अडू नये म्हणून, असं सांगतात. देवीच्या आजारात त्याचा डोळा गेला तो उजवा. डाव्या डोळ्यावर पट्टी असलेली फिगर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

दुसरा माझा जिव्हाळ्याचा विषय म्हणजे पावसाळा. मुंबई-ठाण्याकडे, कोकणात, गोव्यात राहणाऱ्यांनी हे नीट वाचा. पट्टे, हातमोजे, जोडे यांना बहुतेकदा कृत्रिम चामडं असतं, आणि त्यावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत मुळातूनच तुटत जातो. आधी बारीक भेगा, मग पापुद्रे, मग बोटाला लागणारा काळा भुगा. यावर इलाज नाही. ‘खोका उघडलाच नाही, म्हणजे नवाकोरा’ हा समज तर सगळ्यात महाग पडतो, कारण खोका माळ्यावर असला तरी दमटपणा आत पोचतोच. जुनी फिगर विकत घेताना मी विक्रेत्याकडे चेहऱ्याचा नाही, पट्ट्याच्या घडीचा जवळून काढलेला फोटो मागतो. तो द्यायला टाळाटाळ झाली की विषय संपला. मे महिन्यात कपाट ओल येणाऱ्या भिंतीपासून पुढे ओढा, सिलिका जेलच्या पुड्या बदला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा बदला. डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

मऊ प्लास्टिकचे भाग चिकट लागले तर घाबरू नका. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून पुसा आणि कपाटात हवा खेळू द्या.

किमोनोचा डावा पदर वर हवा. उजवा वर असणं ही जपानमध्ये मृतदेहाला नेसवायची रीत आहे.

लाल चिलखत खिडकीसमोर ठेवू नका, दोरे आधी विटतात.

धातूच्या चिलखताची फिगर पाय फाकवून आधाराशिवाय महिनोन्‌महिने उभी ठेवाल तर घोटे सैल होणारच. स्टँड खोक्यात दिलाय तो वापरायला दिलाय.

फिगरचे सुटे पंजे बदलताना मनगटाची खुंटी मोडली, हा निरोपही नेहमीचा. बाह्यांचं कवच काढा, हेअर ड्रायरची मंद हवा मनगटावर थोडा वेळ द्या, मग सरळ ओढा. पिळू नका. पहिल्या ओढीत निघालं नाही तर पुन्हा गरम करा, जोर वाढवू नका.