अभिषेकीबुवांचा परिचय कसा लिहावा

गावच्या उत्सवात पंडित जितेंद्र अभिषेकी यांचा परिचय वाचायचा असेल, तर पद्मश्रीपासून नव्हे, गोव्यातल्या मंगेशीच्या देवळापासून सुरुवात करावी. मूळचे नवाथे असलेले हे घराणे श्रीमंगेशाला अभिषेक करणारे, आणि वडिलांच्या कीर्तनातूनच बुवांच्या कानावर पहिले सूर पडले. पुढे जगन्नाथबुवा पुरोहित, अझमत हुसेन खाँ अशा गुरूंची नावे आणि मुंबई आकाशवाणीवरील नोकरी एका वाक्यात आटोपावी.

खरा वेळ नाट्यसंगीताला द्यावा. बुवांनी संगीत दिलेल्या १९६४ च्या ‘मत्स्यगंधा’ नाटकाचा उल्लेख करून थेट १९६७ च्या ‘कट्यार काळजात घुसली’कडे वळावे आणि ‘घेई छंद मकरंद’ची दोन्ही रूपे लागोपाठ ऐकवावीत, शब्द तेच, पण एक चाल सालगवराळी रागात आणि दुसरी धानी रागात, त्यामुळे नाटकातल्या दोन गायन-घराण्यांचा झगडा संवादाविनाही श्रोत्याला कळतो. (ध्वनिक्षेपकाची चाचणी आधीच घ्यावी, ऐन वेळी खरखर झाली की सालगवराळीचा कोमल ऋषभ (‘रे’ हा स्वर) वाया जातो.)

त्यानंतर एखादा अभंग लावावा आणि ख्यालगायनाने समारोप करावा, कारण बुवा आधी गवई होते, मग संगीतकार. १९९८ मधील निधनाचा उल्लेख एका ओळीत पुरे.