जुनी गाडी अचानक थरथरू लागली आणि पिकअप गेला, तर दोष कसा शोधावा

कसारा घाटात, चढ संपत आला असताना, माझी २००८ची पेट्रोल गाडी तिसऱ्या गिअरमध्ये एकाएकी थरथरू लागली. ॲक्सिलरेटर दाबला तरी उचलेना. मागे ट्रकांची रांग. कशीबशी इगतपुरीला आणली आणि न्यूट्रलला उभी केली, तरी सीट आणि आरसा हलतच होता. फोनवर एका जाणकाराने सांगून टाकलं, ‘इंजिन कामाला आलंय, खोलावं लागेल.’ प्रत्यक्षात निघाली ती एका स्पार्क प्लगच्या, म्हणजे ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणाऱ्या भागाच्या, पांढऱ्या चिनी मातीवरची केसाएवढी काळी रेघ.

म्हणून आधी कळकळीने सांगतो: अंदाजाने पार्ट बदलत सुटू नका. इंजिनातला कोणता सिलिंडर, म्हणजे इंधन जळण्याचा कप्पा, काम करत नाहीये ते आधी शोधा, मग पार्ट आणायला निघा.

पहिलं काम रस्त्यावरचं. गाडी सुरक्षित जागी घ्या, पार्किंग लाइट लावा आणि डॅशबोर्ड बघा. चेक इंजिनचा दिवा नुसता लागलेला असेल तर सावकाश घरी जाता येतं. तो लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो तापून खराब होतो, आणि तो भाग प्लगच्या कितीतरी पट महाग असतो. तापमानाचा काटा वर गेला असेल किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर इंजिन लगेच बंद करा आणि टोचन करून न्या.

आता थरथर कुठली ते ओळखा. गाडी उभी असतानाही हलत असेल आणि चढावर ताकदही कमी पडत असेल, तर बहुतेक वेळा एक सिलिंडर मिस करतोय, म्हणजे त्यातलं इंधन नीट पेटत नाहीये. चार सिलिंडरच्या इंजिनात एक गेला की ताकद साधारण पावपट कमी होते. जुन्या मारुती ८००चे सिलिंडरच तीन, त्यामुळे तिथे फटका आणखी मोठा. उभी असताना शांत आणि ऐंशीच्या पुढेच स्टिअरिंग थरथरत असेल, तर व्हील बॅलन्सिंग बघा. पावसाळ्यात शेतरस्त्याने आल्यावर रिमच्या आत चिकटलेला चिखलही हेच करतो. फक्त ब्रेक मारताना थरथर येत असेल तर डिस्क बघा. इंजिनचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, थरथरही नाही, असं असेल तर क्लचप्लेट. इंजिन हलतंय पण पिकअप शाबूत आहे, तर माउंटिंगचं, म्हणजे इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते, रबर.

शंका असेल तर सायलेन्सरच्या तोंडापासून वीतभर मागे हात धरा. चांगलं इंजिन सलग फुंकतं. मिस करणारं दर काही फुंकींनंतर एक चुकवतं, तो खंड तळहाताला स्पष्ट जाणवतो.

मग बॉनेट उघडा. इंजिन बंद ठेवून आधी नुसतं बघा. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप निसटलाय का, बारीक व्हॅक्यूम पाइप चिरलाय का, वायर कुरतडलीय का. आपल्याकडे मळ्यात किंवा द्राक्षबागेशेजारी गाडी लावणाऱ्यांनी वायरिंग नीट तपासावं, थंडीत उंदीर उबेला इंजिनवर येतात. इगतपुरी-त्र्यंबककडच्या पावसात फिरलेल्या गाडीत कॉइलखालच्या (प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागाखालच्या) खड्ड्यात पाणी साचलंय का तेही बघा.

गाडी सीएनजीवर असेल तर पेट्रोलवर टाकून बघा. फक्त गॅसवर मिस करत असेल तरी प्लगवरचा संशय सोडू नका. गॅस पेटवायला ठिणगी जोरकस लागते, त्यामुळे झिजलेला प्लग आधी गॅसवर उघडा पडतो.

आता मुख्य काम, दोषी सिलिंडर पकडणं. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर इंजिन बंद करून एका इंजेक्टरचा, म्हणजे सिलिंडरला पेट्रोल फवारणाऱ्या भागाचा, कनेक्टर काढा, गाडी चालू करा आणि ऐका. आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर तोच. पुन्हा बंद करा, कनेक्टर लावा, पुढच्याकडे जा. इंजेक्टरपर्यंत हात पोचत नसेल तर कॉइलचा कनेक्टर काढा, पण तेव्हा इंजिन काही सेकंदच चालवा. जुन्या पद्धतीच्या जाड प्लगवायरी चालू इंजिनवर हाताने अजिबात ओढू नका, त्यात हजारो व्होल्ट असतात. गाडीला स्कॅनर, म्हणजे दोषाचा कोड वाचणारं यंत्र, जोडता येत असेल तर काम सोपं: पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०२ दुसरा, असं पुढे. पी ०३०० आला तर मिसिंग एकाच सिलिंडरला बांधलेलं नाही. अशा वेळी पेट्रोल, फ्युएल पंप किंवा बाहेरून शिरणारी हवा यांच्याकडे वळा.

सिलिंडर सापडला की इंजिन गार होऊ द्या, प्लगच्या खड्ड्यातली धूळ हवेने उडवा आणि मगच प्लग काढा. तो उजेडात धरून वाचा. टोक फिकट तपकिरी म्हणजे ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी पडत नाही. ऑइलने माखलेला म्हणजे रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलची शंका. मग चिनी माती कापडाने पुसून फिरवून बघा. वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ पुसून जात नसेल, तर ठिणगी टोकावर न पडता तिथूनच पळतेय. चढावर जोर लागला की हा दोष जास्त उफाळतो. अशा वेळी प्लगसोबत कॉइलचं रबरही बदला. जुन्या रबराच्या आतही तशीच रेघ असते आणि ती नवा प्लग बिघडवते.

प्लग ठीक दिसला तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्यावर लावा. मिसिंग कॉइलसोबत सरकलं, तर कॉइल गेली. जागेवरच राहिलं, तर गॅरेजमध्ये इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्या. कॉम्प्रेशनचा आकडा चारही सिलिंडरचा मागा. एकच खूप खाली असेल तर व्हॉल्व्ह किंवा रिंग, शेजारचे दोन खाली असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पट्टी. कूलंट कमी होणं आणि पांढरा धूर ही गॅस्केटचीच जोडीदार लक्षणं.

डिझेल गाडीत स्पार्क प्लग नसतात. तिथे डिझेल फिल्टरमधलं पाणी, फाटलेला टर्बो पाइप आणि इंजेक्टर या क्रमाने बघा.

नवा प्लग बसवताना पहिले आटे बोटांनीच फिरवा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, वाकडा गेला तर आटे जातात. मग गाडी थेट सप्तशृंगी गडावर काढू नका. नाशिकजवळ पाथर्डी फाट्यापासून विल्होळीपर्यंत हायवेवर न्या, तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसवर सोडा आणि ॲक्सिलरेटर हळूहळू पूर्ण दाबा. धक्का न देता, सलग आवाजात वेग चढला, तर घाटात न्यायला हरकत नाही.