जुने बॅकअप डिलीट करताय? आधी या चुका टाळा

ड्राइव्ह भरून लाल झाला की साईझप्रमाणे सॉर्ट करायचं, सगळ्यात वर जो मोठा फोल्डर येईल त्याच्या नावात बॅकअप दिसलं की डिलीट मारायचं, असं बरेच जण करतात आणि बऱ्याचदा काही बिघडतही नाही. पण ज्या दिवशी बिघडतं त्या दिवशी पोरांचे लहानपणचे फोटो नाहीतर वर्षानुवर्षांचे हिशोब असं काहीतरी जातं जे परत कुठूनच मिळत नाही. जुने बॅकअप काढण्यात चूक काहीच नाही, काढायलाच हवेत. फक्त दोन गोष्टी पाळा: नवीन बॅकअपमधल्या फाइल्स प्रत्यक्ष उघडून बघितल्याशिवाय जुन्याला हात लावायचा नाही, आणि ज्या प्रोग्रॅमने बॅकअप घेतलाय त्याच प्रोग्रॅममधून तो काढायचा. खालच्या बहुतेक सगळ्या चुका यातलं एक काहीतरी न पाळल्यानेच होतात.

चूक: "नवीन बॅकअप झालाय ना, मग जुना उडव"

बॅकअप कम्प्लीट असा मेसेज आला म्हणजे प्रोग्रॅमचं काम संपलं एवढंच कळतं, आतल्या फाइल्स धड आहेत का ते त्यातून कळत नाही. म्हणून थोडं रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून फाइल्स परत काढून बघा, आणि तेही वेगळा रिकामा फोल्डर बनवून त्यात, मूळ फाइल्सवर नाही, नाहीतर टेस्ट करता करताच चालू फाइलवर जुनी फाइल बसायची. वेगवेगळ्या प्रकारच्या फाइल्स घ्या, थोडे फोटो, एखादी एक्सेल, एक मोठा व्हिडिओ, एक झिप. फोटो नुसते थंबनेलवर बघून ओके म्हणू नका. बऱ्याच जेपेग फोटोंमध्ये छोटं थंबनेल फाइलच्या सुरुवातीलाच साठवलेलं असतं, त्यामुळे फाइल अर्धवट कॉपी झाली असली तरी थंबनेल झकास दिसतं, आणि डबल क्लिक करून पूर्ण उघडला की वर चेहरे दिसतात आणि खाली सगळा राखाडी पट्टा. व्हिडिओ पण शेवटपर्यंत ओढून बघा.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी फार कमी जण तपासतात. जुन्या बॅकअपमध्ये अशा फाइल्स असू शकतात ज्या आता कॉम्प्युटरवर नाहीतच. म्हणजे मागे कधीतरी जागा नव्हती म्हणून तुम्ही कॉम्प्युटरवरून फोटो काढून टाकले, "बॅकअपमध्ये आहेत की" असं म्हणून, आणि त्यानंतर घेतलेल्या नवीन बॅकअपमध्ये ते फोटो येणारच नाहीत कारण तेव्हा ते कॉम्प्युटरवर नव्हतेच. अशा वेळी तो जुना फोल्डर बॅकअप राहिलेलाच नसतो, ती त्या फोटोंची एकमेव कॉपी असते! त्यामुळे डिलीट करण्याआधी जुना आणि नवा शेजारी शेजारी उघडा, वर्षावार फोल्डर, फाइल्सची संख्या, एकूण साईझ बघा, आणि जे फक्त जुन्यात आहे ते आधी बाहेर काढून नीट ठेवा. दुसऱ्या ड्राइव्हवरचा डेटा, आउटलुकच्या पीएसटी फाइल्स (ज्यात ईमेल साठवलेले असतात), ब्राउजरचे बुकमार्क, हे पण नवीन बॅकअपच्या सेटिंगमध्ये घेतलंय का बघा, कारण सेटिंग करताना हेच सुटतं.

आणि फक्त शेवटचा एकच बॅकअप ठेवायचा मोह आवरा. एखादी फाइल खराब झाली किंवा रॅन्समवेअरने (फाइल्स लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने) लॉक केली आणि ते उशिरा लक्षात आलं, तर तोपर्यंत शेवटच्या बॅकअपमध्ये पण तीच खराब फाइल जाऊन बसलेली असते. त्यामुळे मी तरी म्हणेन की ताजा एक आणि काही महिन्यांपूर्वीचा एक, एवढे ठेवाच, मधले खुशाल काढा.

चूक: मोठी फाइल आधी उडवणे

इन्क्रिमेंटल बॅकअप वापरत असाल तर हे नीट वाचा. यात पहिल्यांदा एक फुल बॅकअप होतो, मग प्रत्येक वेळी फक्त बदललेलं तेवढं साठवलं जातं. फोल्डरमध्ये एक अवाढव्य जुनी फाइल दिसते आणि पुढे लहान लहान नवीन फाइल्स, आणि माणूस साहजिकच म्हणतो की जुनी आणि मोठी तीच काढू. पण ती पायाची वीट आहे, ती गेली की वरचं सगळं कोसळलं, कारण पुढच्या प्रत्येक इन्क्रिमेंटलला रिस्टोअर करायला ती फुल फाइल लागतेच. मधली एखादी काढली तरी तिच्यानंतरच्या सगळ्या निकामी. डिफरन्शियलमध्ये जरा बरं असतं, तिथे प्रत्येक फाइल थेट फुलवर अवलंबून असते, एकमेकांवर नाही, पण फुल गेली तर तिथेही खेळ खल्लास. तेव्हा आधी नवीन फुल बॅकअप घ्या, तो तपासा, आणि मग जुना संपूर्ण सेट एकत्र काढा, तोही प्रोग्रॅममधूनच. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये जुने बॅकअप एकत्र विलीन करायची सोय असते, ती असेल तर तीच वापरा.

चूक: हाताने फोल्डर डिलीट करणे

विंडोजमध्ये फाइल हिस्टरी (फाइल्सच्या जुन्या व्हर्जन जपून ठेवणारी सोय) चालू असेल तर एक्सटर्नल ड्राइव्हवर त्याच नावाचा फोल्डर असतो आणि तो फुगत जातो, कारण डिफॉल्ट सेटिंगच सगळ्या व्हर्जन कायम ठेवायची असते. तो फोल्डर उघडून आतून फाइल्स वेचू नका. कंट्रोल पॅनलमध्ये फाइल हिस्टरी, मग अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे क्लीन अप व्हर्जन्स, आणि एक वर्षापेक्षा जुनी वगैरे निवडा. चालू फाइल्सची शेवटची व्हर्जन यात राहते. मात्र जे फोल्डर तुम्ही मधे कधी फाइल हिस्टरीतून वगळले असतील त्यांच्या जुन्या कॉपी या साफसफाईत जाऊ शकतात, ते आधी बघून घ्या.

सिस्टम इमेज, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या ड्राइव्हची कॉपी, घेतली असेल तर विंडोजइमेजबॅकअप नावाचा फोल्डर ड्राइव्हच्या अगदी वरच्या लेव्हलला असतो. त्याचं नाव बदललं किंवा तो दुसऱ्या फोल्डरच्या आत टाकला की रिस्टोअर करताना विंडोजला तो सापडत नाही, आणि लोक म्हणतात बॅकअप करप्ट झाला. जागा हवी असेल तर बॅकअप अँड रिस्टोअरमध्ये मॅनेज स्पेस आहे, तिथून फक्त लेटेस्ट इमेज ठेवता येते.

विंडोज डॉट ओल्ड हा वेगळा प्रकार, अपग्रेड केल्यावर आधीचं विंडोज या फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे ११ वर गेलेल्या बऱ्याच जणांना हा फोल्डर दिसला असेल. अपग्रेडनंतर साधारण १० दिवसांनी तो आपोआप जातो, आणि तो गेला की आधीच्या विंडोजवर परतायचा रस्ता बंद. ड्राइव्ह फॉरमॅट न करता नवीन इन्स्टॉल केलं असेल तर तुमचे जुने डॉक्युमेंट्स याच्या आतल्या युजर्समध्ये पडलेले असू शकतात, आधी ते बघा. काढायचाच असेल तर सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथून काढा. एक्सप्लोररमधून परमिशनशी मारामारी करत बसू नका.

मॅकवाल्यांनो, टाइम मशीनला, म्हणजे मॅकच्या बॅकअप प्रोग्रॅमला, शक्यतो आपलं आपण करू द्या. ते गेल्या २४ तासांचे तासातासाचे, गेल्या महिन्याचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवतं आणि डिस्क भरली की सगळ्यात जुना स्वतःच काढतं, म्हणजे बॅकअपची डिस्क भरलेली दिसणं हा प्रॉब्लेमच नाही. बॅकअपची सगळी कॉपी हाताने उचलून ट्रॅशमध्ये टाकली की ट्रॅश रिकामा होता होत नाही, तासन् तास फिरत राहतो.

आयफोनचा बॅकअप कॉम्प्युटरवर घेत असाल तर मोबाइलसिंक फोल्डरच्या आत आकडे-अक्षरांची लांबलचक नावं दिसतात, त्यावरून कुठला फोन कुठला ते कळणं कठीण. म्हणून फाइंडर किंवा अॅपल डिव्हाइसेसमधल्या मॅनेज बॅकअप्समधून, आणि आयट्यून्समध्ये प्रेफरन्सेसमधल्या डिव्हाइसेसमधून, नाव आणि तारीख बघून काढा. जुना बॅकअप एन्क्रिप्टेड (पासवर्ड लावून लॉक केलेला) आणि नवा साधा असेल तर थांबा, कारण सेव्ह केलेले पासवर्ड आणि हेल्थ डेटा फक्त एन्क्रिप्टेडमध्येच येतो.

चूक: सिंकला बॅकअप समजणे

"क्लाउडवर आहे" म्हणून कॉम्प्युटरवरचा फोल्डर उडवला की तो क्लाउडवरूनही जातो, आणि जोडलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवरूनही. सिंक म्हणजे इकडचं तिकडे जसंच्या तसं, डिलीटसकट. वनड्राइव्हमध्ये जागा हवी असेल तर राइट क्लिक करून फ्री अप स्पेस निवडा, मग फाइल ऑनलाइन राहते आणि कॉम्प्युटरवरची जागा सुटते. चुकून गेलंच असेल तर वनड्राइव्हच्या पर्सनल अकाउंटचा रिसायकल बिन आणि गूगल ड्राइव्हचा ट्रॅश ३० दिवस फाइल्स ठेवतात, लगेच जाऊन बघा.

डिलीट केलं तरी जागा वाढत नाही?

आधी रिसायकल बिन. एक्सटर्नल ड्राइव्हचा बिन त्याच ड्राइव्हवर लपलेला असतो, ड्राइव्ह जोडलेला असतानाच रिकामा करावा लागतो. विंडोजमध्ये रिस्टोर पॉइंट्स (बिघाड झाला तर मागच्या स्थितीला परतायला विंडोजने करून ठेवलेल्या नोंदी) पण जागा खातात, त्यांची मर्यादा सिस्टम प्रोटेक्शनमध्ये कॉन्फिगर करून कमी करता येते. मॅकवर लोकल स्नॅपशॉट, म्हणजे टाइम मशीनने मॅकच्याच डिस्कवर ठेवलेल्या तात्पुरत्या कॉपी असतात, ते साधारण २४ तासांत जातात, थोडा धीर धरा. गूगल ड्राइव्हवर ट्रॅश रिकामा केल्याशिवाय कोटा मोकळा होत नाही.

चुकीचंच डिलीट झालं तर

त्या ड्राइव्हवर काहीही नवीन लिहू नका, एक्सटर्नल असेल तर सेफली काढून बाजूला ठेवा. रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करणं म्हणजे उरलंसुरलं पण आपल्या हाताने पुसणं. साध्या हार्ड डिस्कवर फाइल्स परत मिळायची बरी शक्यता असते, पण एसएसडीवर ट्रिम नावाची सोय सहसा चालू असते आणि ती डिलीट झालेले ब्लॉक लवकरच साफ करून टाकतं, तिथे फार आशा नसते. म्हणूनच हाताने कॉपी केलेले साधे फोल्डर असतील तर लगेच उडवू नका. नाव बदलून "काढायचं" आणि पुढे तारीख टाका, महिनाभर कशाला लागले नाहीत तर काढा. हे फक्त साध्या कॉपीसाठी हं, प्रोग्रॅमने बनवलेल्या बॅकअपची नावं बदलायची नाहीत.

एकदा जागा झाली की त्याच बैठकीत बॅकअप प्रोग्रॅममधली किती दिवसांचे किंवा किती बॅकअप ठेवायचे ती सेटिंग लावून टाका, फाइल हिस्टरीत "कायम"च्या जागी "जागा लागेपर्यंत" किंवा ठरावीक महिने करा, नाहीतर पुढच्या वर्षी हाच ड्राइव्ह परत लाल.